डाळिंबी साडीची घडी

अन्याय झाला तो माझ्या घरमालकीण काकूंवर. गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात, दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या चहाला आधण ठेवलेलं असताना, इंदूरच्या स्नेहलतागंजमध्ये, त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या अंगावरून अर्धी नेसलेली साडी सोडून घेण्यात आली. साडी महेश्वरी होती. रंग डाळिंबी, फोडलेल्या डाळिंबाचा, सालीचा नव्हे. काठ गडद हिरवा, त्यात जरीची बारीक वीण.

रंग आधी सांगितला याचं कारण काकूच आहेत. ते पुढे येईल.

मी देपालपूरची. एका छोट्या संघटनेत काम करायला इंदूरला आले. काम म्हणजे पत्रकं लिहिणं आणि चौकात वाटणं: फुटपाथ कुणाचा, नळाला पाणी का नाही, मोलकरणींना रविवारची सुट्टी का नको. कपडे हा माझ्या लेखी बिनकामाच्या लोकांचा विषय होता. माझे दोन काळे कुर्ते होते. एक अंगावर, एक दोरीवर.

खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. दारातच माझ्या कुर्त्याची बाही चिमटीत धरली, अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं आणि तोंड वाकडं केलं.

"पॉलिस्टर. मे महिन्यात उकडून मरशील."

"स्वस्त होता," मी म्हटलं.

"स्वस्त नाही, झूठा है. सुती असल्याचं सोंग करतोय." मग आत वळून म्हणाल्या, "खोली वर आहे. पाणी हवं तेवढं वापर. पण हा रोज रोज माझ्यासमोर आणू नकोस, भिया."

'भिया' म्हणजे इंदुरी 'भैया', पण काकू बायकांनाही म्हणायच्या. भांडताना आणि लाडात आल्यावर.

ती चिमूट म्हणजे काकूंचा नमस्कार. दूधवाला, वीजमीटरवाला, मंदिरातले गुरुजी, कुणीही सुटायचं नाही. गुरुजींच्या उपरण्याला हात लावून एकदा म्हणाल्या, "गुरुजी, देवाला तरी सुती द्या, तो बिचारा बोलत नाही." गुरुजी हसले, आणि पुढच्या वेळी सुती उपरणं घालून आले. काकूंनी ते पुन्हा चिमटीत धरून तपासलं.

काका रेल्वेत होते. ते जाऊन बरीच वर्षं झालेली. काका गेल्यावर नातेवाइकांनी काकूंना फिकट साड्या आणून दिल्या होत्या, राखाडी, मातकट, पांढरटसर. काकूंनी त्या सगळ्या घेतल्या, धन्यवाद म्हटलं आणि गाद्यांना खोळी शिवल्या. माझ्या गादीलाही त्यातलीच एक खोळ होती. त्यांनी स्वतः कधी याला बंड म्हटलं नाही. मी म्हटलं, तर म्हणाल्या, "बंड कसलं! मला तो रंग शोभत नाही."

दर रविवारी सकाळी कपाट उघडायचं. साड्या गच्चीवरच्या दोऱ्यांवर वाऱ्याला टाकायच्या, उन्हात नाही, सावलीत. शेजारच्या बायका यायच्या, आणि काकू माणसांची ओळख करून द्यावी तशी साड्यांची करून द्यायच्या. "ही चंदेरी. नाजूक आहे, हिला घेऊन रिक्षात बसू नये. ही पैठणी माझ्या आईची, फार गर्विष्ठ. आणि ही उज्जैनहून आणलेली, ही रडकी, दर धुण्याला रंग सोडते, पण मला आवडते."

आणि ही गर्विष्ठ पैठणी काकू नेसायच्या कधी? कोथिंबीर आणायला. मी खरंच सांगते. सकाळी मंडईत, हातात कापडी पिशवी, अंगावर पैठणी.

"काकू, लोक लग्नाला नेसतात हो ही."

"लग्नात जो तो स्वतःलाच बघत असतो. भाजीवाला निदान माझ्याकडे बघतो. आणि दोन मिरच्या जास्त टाकतो."

आमच्या फुटपाथच्या मोहिमेला मी फ्लेक्सचा बॅनर छापून आणला तेव्हा त्या माझ्यावर तीन दिवस रुसल्या. मग स्वतःच्या विटलेल्या साडीचा काठ कापून, जुन्या चादरीवर टाचून, त्यांनी मला बॅनर शिवून दिला. मोर्चा अडवायला आलेल्या हवालदाराने तो हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, ये कहाँ से ली? मेरी मिसेस को चाहिए." आमची घोषणा त्याने वाचलीसुद्धा नाही. मी वैतागले. काकूंना सांगितलं तर त्या दिवसभर खूश.

आता खरेदीबद्दल. हे नीट वाचा, कारण सगळं इथेच घडलं होतं आणि आमच्यापैकी कुणालाही कळलं नव्हतं.

काकूंच्या धाकट्या दिरांची मुलगी रेवा. तिचं लग्न ठरलं. रेवा काकूंना मोठीआई म्हणते आणि त्यांच्याकडेच वाढल्यासारखी वाढलेली. लग्न लागताना नेसायची साडी घ्यायला आम्ही कापड बाजारात गेलो: काकू, रेवा, रेवाची आई म्हणजे काकूंची धाकटी जाऊ, आणि पिशव्या धरायला मी. जाऊबाई वाटेत रिक्षात म्हणाल्या होत्या, "वहिनींशिवाय साडी नाही घ्यायची. आमच्याकडे नजर फक्त त्यांना आहे." हे वाक्यही लक्षात ठेवा.

काकूंची साडी घेण्याची एक पद्धत होती. गादीवर बसून, पंख्याखाली, दिव्याच्या उजेडात पसरलेली साडी त्या बघतच नसत. "झोपलेल्या माणसावरून माणूस कळतं का?" त्या सेल्समनला उभं करायच्या. त्या दिवशीचा सेल्समन चांगला उंच, भरघोस मिशीचा. त्याने डाळिंबी साडी खांद्यावर नुसती टाकून दाखवली.

"ऐसे नहीं भिया. पूरी पहनो."

"माताजी, पूरी?"

"हओ. कमर में खोंसो. पदर लो."

त्याने पँटवरूनच साडी कमरेला गुंडाळली, जमतील तशा निऱ्या घातल्या, पदर घेतला. जाऊबाई चहा पीत होत्या. त्यांना इतकं हसू आलं की कप खाली ठेवावा लागला. म्हणाल्या, "भैयाजी, ज़रा घूम जाओ ना!" तो घुमला. मग काकूंनी त्याला दुकानाबाहेर, कोपऱ्यावरच्या पोहे-जिलबीच्या गाडीपर्यंत चालत पाठवला. गाडीवाल्याने शिट्टी मारली. आमच्या मिशीवाल्याने त्याला पदर उडवून दाखवला आणि परत आला.

"चालते चांगली," काकू म्हणाल्या. "आता ऊन बघू."

मग ती साडी त्यांनी स्वतःच्या साडीवरून नेसली, नीट, निऱ्या-पदरासकट, आणि भर रस्त्यात उन्हात जाऊन उभ्या राहिल्या. ऊन त्यांच्यावर आलं आणि तो रंग पेटला. मला कपड्यातलं काही कळत नाही, पण मी पिशव्या खाली ठेवल्या. रेवा म्हणाली, "मोठीआई, हीच." जाऊबाई गादीवरून म्हणाल्या, "मी म्हटलं नव्हतं? नजर म्हणजे नजर!"

तरी घेतली दुसऱ्या दिवशीच. काकूंचा नियम होता, रात्री आठवली तर सकाळी घ्यायची. सकाळी गेलो तेव्हा मिशीवाला म्हणाला, "ये तो कल सबने पहन ली, हैंडलूम का दूसरा फ्रेश पीस निकाल दूँ?" काकूंनी मान हलवली. "हीच. हातमागावरची दुसरी म्हणजे तिची बहीण, ती नव्हे."

यानंतर तो गुरुवार.

घडी मोडणं तुम्हाला माहीत आहे. नवी साडी मालकिणीने नेसायच्या आधी आपल्या आवडत्या बाईला नेसायला द्यायची, तिने चार पावलं चालायचं, मग आपण नेसायची. गोड पद्धत आहे, माझी काही तक्रार नाही. रेवा फॉल-पिकोवाल्याकडून साडी घेऊन थेट काकूंकडे आली आणि म्हणाली, "मोठीआई, घडी तू मोडायची." काकू लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मला पदर धरायला उभं केलं, चुकीचा धरला म्हणून रागावल्या, निऱ्या घालून झाल्या, खोचायच्या तेवढ्या राहिल्या. आणि दारात जाऊबाई. गुरुवारच्या हळदीकुंकवाहून परत येत होत्या, सोबत त्यांच्या बिल्डिंगमधल्या एक ताई. काकूंना त्या हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतंच. कधीच नसतं.

"हे काय चाललंय?"

"मोठीआई घडी मोडतेय," रेवा म्हणाली.

"वहिनी!" जाऊबाईंचा आवाज चढला नाही, उतरला. "रेवाला कळत नाही. तुम्हाला तरी कळायला हवं होतं ना? तिच्या लग्नाची साडी आहे. सोडा. सोडा ती."

आणि त्यांनी पदर माझ्या हातातून घेतला आणि ओढायला लागल्या.

मी ओरडले. काय ओरडले ते पत्रकातल्यासारखंच होतं, कोणत्या शतकात राहता वगैरे. जाऊबाई म्हणाल्या, "तू भाडेकरू आहेस ना बेटा? घरातल्या गोष्टीत पडू नको." रेवा रडत होती. काकू काय करत होत्या? काकू गोल फिरत होत्या. स्वतःच, एका जागी, हळूहळू, हात वर करून. साडी ओढली जाताना कुठे जरीचा धागा उसवू नये म्हणून.

हे मी विसरणार नाही.

घडी मग त्या सोबतच्या ताईंनी मोडली, जाऊबाईंच्या घरी, औक्षण करून. रेवाने संध्याकाळी फोनवर सांगितलं. काकू म्हणाल्या, "चांगलं झालं." आधणाचं पाणी आटून गेलं होतं. त्यांनी पुन्हा चहा ठेवला नाही.

रविवार आला. दोऱ्या रिकाम्या. शेजारणी गच्चीवर येऊन परत गेल्या. काकूंनी एका गादीची खोळ उसवली, ती मातकट साडी धुतली, इस्त्री केली आणि नेसल्या. रोज तीच. कपाटाची किल्ली कुठे गेली विचारलं तर म्हणाल्या, "आहे की." पैठणीतली कोथिंबीर बंद. दूधवाल्याचा नवा शर्ट त्यांनी बघितलासुद्धा नाही. तो बिचारा बाही पुढे करून उभा होता.

मला राग येत होता तोवर ठीक होतं. पण मग मला भीती वाटायला लागली. म्हणून मी एक काम केलं. राजवाड्याजवळच्या फुटपाथवरून एक पोपटी, चमकता, टिकल्या लावलेला टॉप आणला. इतका भयंकर की घालताना अंगावर ठिणग्या उडाल्या. तो घालून मी काकूंसमोर जाऊन उभी राहिले. बाही अगदी त्यांच्या नाकाखाली धरली.

काकूंनी वर बघितलं. म्हणाल्या, "छान आहे."

वर येऊन मी दार लावलं आणि रडले.

मग मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा, परिच्छेद, मागण्या. लग्नाच्या हॉलच्या दारात वाटायचं ठरवलं होतं. पण वाटायच्या आधी काकूंना वाचून दाखवायला हवं, ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विचारल्याशिवाय आम्ही काही छापत नाही. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर डोळे उघडले.

"ह्यात 'अन्याय' किती वेळा आहे?"

मी मोजलं. "चारदा."

"आणि साडीचा रंग?"

मी पुन्हा बघितलं. एकदाही नव्हता.

"मग वाचणाऱ्याला काय कळणार माझ्या अंगावरून काय गेलं? त्याला वाटेल, असेल काहीतरी." त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "आणि हे तिथे वाटायचं नाही. रेवाचं लग्न आहे, तुझा मोर्चा नाही."

"पण तुम्ही जाणार का?"

"जाईन की. मागे बसेन."

त्या मागेच बसल्या. हॉलमध्ये अगदी शेवटच्या ओळीत, भिंतीच्या पंख्याखाली, मातकट साडीत. मी शेजारी, हात मोकळे, पत्रक नाही. आयुष्यात इतकं निरुपयोगी कधी वाटलं नव्हतं. रेवाने मला खुणेने आत बोलावलं तेव्हा मी धावतच गेले.

आत सजवायच्या खोलीत दहाबारा बायका आणि डाळिंबी साडी. साडी काही बसत नव्हती. पार्लरवालीने निऱ्या घातल्या, सुटल्या. घडी मोडणाऱ्या त्या ताईंनी घातल्या, वाकड्या. खुर्चीत बसलेल्या आत्याबाई म्हणजे सगळ्या घराच्या थोरल्या, काकांच्या सख्ख्या आत्या. त्यांना ऐकू कमी येतं आणि प्रश्न जास्त पडतात. त्यांनी विचारलं, "कोरी आहे का गं साडी? घडी कुणी मोडली?"

"ह्या ताईंनी," जाऊबाई अभिमानाने म्हणाल्या. "औक्षण करून. सगळं रीतसर झालं."

आणि रेवा, अर्धवट साडीत, हातभर मेंदी सांभाळत, मोठ्याने म्हणाली, "नाही मम्मी. घडी त्या भियाने मोडली."

"कुठल्या भियाने?"

"दुकानातल्या. मिशीवाल्या. पूर्ण नेसला होता की, निऱ्या, पदर, सगळं. पोह्याच्या गाडीपर्यंत चालत गेला. तू म्हणालीस, भैयाजी, ज़रा घूम जाओ."

रेवाने मेंदीचं दुसरं बोट वर केलं.

"मग मोठीआई नेसली. रस्त्यात, सगळ्यांसमोर. तू समोर चहा पीत होतीस. ताई, सॉरी, पण तुमचा नंबर तिसरा."

मी तिथे होते. मी सगळं बघितलं होतं, पिशव्या धरून. पत्रकात चार वेळा अन्याय लिहिला आणि ही एवढी उघडी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. कुणाच्याच आली नाही. ती खरेदी होती ना! खरेदीला काकू चालतात. खरेदीला मिश्याही चालतात.

"दुकानातलं धरत नाहीत," जाऊबाई कशाबशा म्हणाल्या.

"काय म्हणतेय ती?" आत्याबाईंनी विचारलं. कुणीतरी त्यांच्या कानाशी सगळं मोठ्याने सांगितलं. मिशीसकट, त्या गुरुवारसकट. आत्याबाईंचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं ठसका लागला. मग त्यांचं बोळकं उघडलं आणि हसू बाहेर पडलं.

"अगं मग त्या मिशीवाल्याला बोलवा! त्याची ओटी भरा आधी! मान त्याचा आहे!"

एकदा ती खोली फुटली ती फुटलीच. पार्लरवाली खाली बसली. ताई, ज्यांचा नंबर तिसरा, त्या सगळ्यांत जास्त हसत होत्या, डोळ्यांतलं काजळ पुसत. फक्त जाऊबाई हसत नव्हत्या. त्या खुर्चीवर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला भीती वाटली हो, आत्याबाई. एकुलती एक आहे."

"भीती वाटते तर देवाचं नाव घे. थोरल्या जावेची साडी कशाला सोडतेस? जा, बोलाव तिला. निऱ्या तरी धड होतील."

जाऊबाई उठल्या. मी त्यांच्या मागोमाग गेले, कारण या वेळी काही चुकीचं बोलल्या तर मी भाडेकरू आहे हे विसरणार होते. त्या शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या, काकूंसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी माफी मागितली नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, मला ती अजून हवी आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "वहिनी, चला. निऱ्या बसत नाहीयेत. कुणालाच जमत नाहीयेत."

 काकूंचा हात हळूच पुढे आला. त्यांनी जाऊबाईंच्या भरजरी पदराचं टोक चिमटीत धरलं. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं. तोंड वाकडं झालं.

"हे कुठून घेतलंस?"

"ऑनलाइन," जाऊबाई म्हणाल्या.

"फसवलं तुला, भिया."

 जाऊबाई तिथेच, हॉलच्या मधोमध, रडत हसल्या की हसत रडल्या ते मला सांगता येणार नाही. काकू उठल्या, मातकट साडीचा पदर खोचला आणि आत गेल्या. दोन मिनिटांत निऱ्या बसल्या, सरळ, काठाला काठ लागून. लग्न वेळेवर लागलं. सगळं निर्विघ्न पार पडलं. नवरा-नवरी आज धडधाकट आहेत आणि भांडतात, म्हणजे सुखात आहेत.

परत येताना रिक्षात काकूंनी मला सांगितलं, "तो पोपटी टॉप टाकून दे. मला रात्री आठवला होता, पण वाईट कारणाने." रविवारी गच्चीवर जागा उरली नाही इतक्या साड्या होत्या. मातकट साडी पुन्हा खोळ झाली. नंतर कामासाठी मी देपालपूरला परत गेले, ती खोली सोडली. आता गादीवर कोण झोपतं माहीत नाही, पण निवांत झोपत असेल.

आता तुम्ही. तुमच्याही घरात एक बाई असेल, जिला तुम्ही साड्या निवडायला नेता, जिच्या नजरेचं कौतुक करता, जिच्याकडून लग्नाची अर्धी कामं करून घेता, आणि नेसवायच्या वेळी मागच्या ओळीत बसवता. तुमच्या कपाटात घडी न मोडलेली एक तरी साडी आहे, नाही म्हणू नका. मुहूर्त बघू नका, पुढच्या लग्नाची वाट बघू नका. उठा, ती साडी काढा, त्या बाईकडे घेऊन जा आणि तिला नेसायला सांगा. पदर तुम्ही धरा. आणि नंतर चार लोकांना सांगाल तेव्हा रंग सांगायला विसरू नका.